जठी टपकतं

पहिल्यांदा वाटलं, खांदाच.
सहा महिने डावा हात वेणीपर्यंत जात नव्हता,
म्हणून फैजपूरच्या नाक्यावर वळताना
एस्टीम अडून बसली तेव्हा
दोष मी गाडीला दिलाच नाही.
जळगावच्या हाडांच्या डॉक्टरकडे गेले.
ते म्हणाले, भिंतीवर बोटं चालवा,
कोळी चढतो तशी. रोज वीसदा.

मग एका अंगणवाडीपुढच्या फरशीवर
लाल ठिपका, रुपयाएवढा.
सेविका म्हणाली, मॅडम, कोन थुंकलं इथं?
दोन दिवसांनी तो बशीएवढा झाला.

भुसावळच्या मोठ्या वर्कशॉपात
टाय घातलेल्या पोरानं
खाली न वाकताच सांगितलं: रॅक गेला.
एकोणीस हजार, मजुरी वेगळी.
पंचवीस वर्षांच्या गाडीला तेवढं कोण देणार,
हे तो म्हणाला नाही.
टायच म्हणाला.

गुलशेर तडवीचं गॅरेज केळीच्या वखारीमागे.
सकाळी साडेसातलाच पत्रा तापलेला.
त्यानं पैशांचं काही काढलं नाही.
विचारलं, वळवताना कण्हते का?
गार असताना, का गरम झाल्यावर?
तेल किती दिवसांत उतरतं?
एवढं तर जळगावातही कोणी विचारलं नव्हतं,
माझ्याबद्दल.

केळीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून
त्यानं गाडीखाली सरकवला.
ठिपका बरोबर रॅकच्या रबराखाली पडला.
मी म्हटलं, म्हणजे तो पोरगा खरंच सांगत होता.
गुलशेर हसला.
"ताई, जठी टपकतं तठी गयत नसतं.
तेल उतार धरतं. मानूस धरतं तसंच."

जुना टूथब्रश, घासलेट, चिंध्या.
अर्धा तास तो इंजिनाच्या खाचा घासत होता.
सगळं पुसून, वाळवून झाल्यावर
आतल्या घरात हाक मारली: पावडर दे गं.
नातीच्या डब्यातली, गुलाबी झाकणाची.
पाइपांवर, पंपावर, रॅकवर
त्यानं ती अशी शिंपडली
जशी वजनकाट्यावर ठेवण्याआधी
आया बाळाच्या मानेत घालतात,
आणि मी रजिस्टर घेऊन थांबते.

आता बसा. चालू करा. फिरवा,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
टोकाला धरून ठेवू नका, पंप रडतो.
मी फिरवलं. एका हातानं.
बॉनेटच्या फटीतून त्याला ते दिसलं.
काही बोलला नाही.

या, बघा.
रॅकच्या बाजूला पांढरं शुभ्र, कोरडं.
वर, तेलाच्या डबीखाली,
परतीच्या पाइपच्या गळ्याशी
क्लिपेच्या आत रबर तडकलेलं,
आणि तिथून पावडरीतून निघालेली
एक लाल रेघ,
पाइपच्या पोटाखालून लपत लपत
थेट रॅकवर येऊन बदनामी करणारी.

पाइप, दोन क्लिपा, लिटरभर तेल.
(पाण्याचा पाइप स्वस्त पडतो,
पण तेल त्याला दोन महिन्यांत खातं.)
जुना पाइप त्यानं वाकवून दाखवला,
खाकऱ्यासारखा कडकन मोडला.

मग पुढची चाकं जॅकवर, इंजिन बंद.
फिरवा. वीसदा.
मी म्हटलं, हे कोणीतरी आधीच सांगितलंय.
डबीत बुडबुडे येत राहिले,
गुलाबी, दुधावरच्या फेसासारखे.
घाई नका करू, म्हणाला,
आत हवा राहिली तर पुन्हा कण्हेल.
आम्ही चहा घेतला. फेस बसला.
वखारीत कोणीतरी घड मोजत होतं,
मोजता मोजता चुकत होतं, पुन्हा पहिल्यापासून.

नाक्यावर गाडी एका बोटानं वळली.
आणि खांदा दुखला,
होता तसाच, तिळभर कमी नाही.
बरं वाटलं, खरं सांगते.
एवढे दिवस दोन दुखणी एकात एक मिसळलेली,
आता उरलंय ते नक्की माझं.

पुठ्ठा मात्र अजून रोज रात्री घालते.
सकाळी उचलून उन्हात धरते: कोरडा.
मग भिंतीपाशी जाते.
आज कोळी
खिडकीच्या चौकटीपर्यंत पोचला.